आषाढसरी आणि शंभर अंड्यांचा हिशेब

वाचकहो, आपल्या घरी किती माणसे राहतात, असे जनगणनेच्या प्रगणकाने विचारले तर उत्तर देण्यास आपल्याला क्षणाचाही विलंब लागणार नाही. परंतु आपल्या घरात एकूण किती जीव राहतात, हा प्रश्न कोणी विचारला तर मात्र आपण गोंधळून जाऊ. भिंतीवरची पाल, ओट्यामागचे झुरळ, तुळशीच्या कुंडीतील गांडूळ आणि पिंपाच्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या हे सारे आपल्याच छताखालचे रहिवासी. त्यांचा जन्म, त्यांचे अन्न, त्यांचा मृत्यू आणि आपले आरोग्य यांचे धागे एकमेकांत गुंतलेले असतात.

हे धागे उलगडून पाहणाऱ्या शास्त्राला ‘इकॉलॉजी’ हे नाव जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये दिले. ‘ओइकोस’ म्हणजे घर, या ग्रीक शब्दावरून त्यांनी ते घडवले. मराठीत आपण या शास्त्राला परिसरविज्ञान म्हणतो. या शास्त्राचे पहिले दोन धडे म्हणजे हवामान आणि जीवांच्या संख्येची वाढ. पुस्तकात हे दोन धडे वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. प्रत्यक्षात ते आपल्या घरात, पावसाळ्याच्या चार महिन्यांत, एकाच पिंपाच्या काठावर भेटतात. म्हणून आज या सदरात त्या पिंपापाशीच थांबू.

हवा आणि हवामान

आपल्या भाषेने या विषयातला एक महत्त्वाचा भेद फार सुरेख जपला आहे. आज सकाळी ढग दाटून आले, दुपारी सर आली, ही झाली ‘हवा’. अशा अनेक वर्षांच्या हवेचे जे सरासरी मान निघते ते ‘हवामान’. शास्त्रज्ञ त्यासाठी साधारणपणे ३० वर्षांच्या नोंदी धरतात. हवा पाहून आपण छत्री घ्यावी की नाही हे ठरवतो. हवामान पाहून शेतकरी पीक ठरवतो, आणि निसर्गातील प्रत्येक जीव आपल्या विणीचा हंगाम ठरवतो.

महाराष्ट्राचे हवामान म्हणजे मुख्यतः मोसमी वाऱ्यांची कहाणी. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरचा वायुभार उतरतो आणि समुद्रावरचे बाष्पभारित वारे आत खेचले जातात. केरळात १ जूनला आणि मुंबईत ११ जूनच्या सुमारास पाऊस पोहोचावा, अशी भारतीय हवामान विभागाची सर्वसाधारण तारीख आहे. मुंबईतून तो ८ ऑक्टोबरच्या सुमारास निरोप घेतो. वाटेत सह्याद्री उभा आहे. तो या वाऱ्यांना वर चढायला लावतो; वर चढताना ते थंड होतात आणि रिते होतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात त्याच्या दशांशाच्या आसपासच पडतो. एक जिल्हा, परंतु दोन हवामाने आणि पाणी साठवण्याच्या दोन निरनिराळ्या रीती. ही गोष्ट आपल्याला पुढे उपयोगी पडेल.

या वेळापत्रकाच्या दोऱ्या फार दूरवर पोहोचतात. १९०४ ते १९२४ या काळात भारताच्या वेधशाळांचे प्रमुख असलेले सर गिल्बर्ट वॉकर मोसमी पावसाचा अंदाज बांधण्याच्या प्रयत्नात जगभरच्या नोंदी पडताळत होते. त्यातून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील वायुभार तराजूच्या पारड्यांप्रमाणे खालीवर होतो, हे त्यांच्या ध्यानी आले. प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापते, त्या ‘एल निनो’च्या वर्षी आपला पाऊस अनेकदा उणा पडतो, यामागे हाच तराजू आहे. पेरू देशाच्या किनाऱ्यालगतचे पाणी तापावे आणि त्याचा परिणाम सोलापूरच्या घरातील रांजणावर व्हावा, हीच तर परिसरविज्ञानाची खरी शिकवण!

शंभर अंडी

आता पिंपाकडे वळू. डेंग्यूचा प्रसार करणारा ‘एडिस इजिप्ती’ हा डास आपल्या ओळखीचा आहे. काळसर अंग, त्यावर पांढरे पट्टे, आणि दिवसा, विशेषतः सकाळी व मावळतीपूर्वी, चावण्याची सवय. हा मूळचा आफ्रिकेतला. जहाजांतून, पाण्याच्या पिंपांतून तो जगभर पसरला आणि माणसाच्या घराला इतका सरावला की, आज त्याला माणसाळलेलाच म्हणावे लागते. गटाराच्या घाण पाण्याला आपण उगाच दोष देतो. त्या पाण्यात वाढतो तो प्रामुख्याने क्युलेक्स जातीचा डास. एडिसच्या मादीला हवे असते साठवलेले, स्थिर, बहुधा स्वच्छ पाणी. ती फार दूर उडतही नाही. बहुतेक माद्या जन्मस्थानापासून एक-दोनशे मीटरच्या आतच आयुष्य काढतात. याचा अर्थ आपल्याला चावणारा डास बहुधा आपल्याच घरात किंवा शेजारच्या गच्चीवर जन्मलेला असतो.

मादी एका वेळी साधारण शंभर अंडी घालते. ती पाण्यात न घालता भांड्याच्या आतल्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी मरत नाहीत; कित्येक महिने तग धरून राहतात आणि पुन्हा पाणी चढले की फुटतात. उबदार हवेत अंड्यापासून अळी, अळीपासून कोष आणि कोषापासून उडणारा डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत पुरा होतो. पुढे रक्त मिळून मादीने स्वतःची अंडी घालेपर्यंतचा काळ धरला, तर एक पिढी सुमारे तीन आठवड्यांची समजू.

थोडा हिशेब करू. तो सोपा व्हावा म्हणून प्रत्येक मादी आयुष्यात शंभरच अंडी घालते आणि त्यांतील निम्म्या माद्या असतात, असे मानू. सारी अंडी जगली तर एका मादीच्या ५० होतील. दुसऱ्या पिढीत २,५००. तिसऱ्या पिढीत १,२५,०००. आणि चौथ्या पिढीत, म्हणजे मृगाच्या पहिल्या पावसानंतर जेमतेम बारा आठवड्यांत, गणपतीच्या दिवसांच्या सुमारास, ६२,५०,०००! प्रत्यक्षात असे घडत नाही, हे आपले भाग्य. बहुतेक अंडी आणि अळ्या उपासमारीने, पाणी आटल्याने, वाहून गेल्याने किंवा कोणाच्या तरी भक्ष्यस्थानी पडून मरतात.

आता या हिशेबाची दुसरी बाजू पाहा. शंभरांतील ९८ मरून दोनच डास जगले, एक नर आणि एक मादी, तर संख्या पिढ्यान्‌पिढ्या तेवढीच राहील. ९८ ऐवजी ९६ मेले, तर प्रत्येक पिढीला संख्या दुप्पट होईल आणि पाच पिढ्यांत, म्हणजे पंधरा आठवड्यांत, ती ३२ पट होईल. उलट ९९ मेले, तर प्रत्येक पिढीला संख्या निम्मी होऊन पाच पिढ्यांत बत्तिसाव्या हिश्श्यावर येईल. शंभरात दोन-तीन मृत्यूंचा फरक. पण पावसाळ्याच्या अखेरीस एका गल्लीत तापाची साथ आहे आणि दुसरीत नाही, एवढे अंतर तो पाडू शकतो. आपल्या हाती जे काही आहे ते या दोन-तीन टक्क्यांतच आहे.

भांड्याची मर्यादा

कोणत्याही जीवाची संख्या गुणाकाराने वाढू पाहते आणि अन्न मात्र त्या वेगाने वाढत नाही, ही चिंता इंग्लंडमधील थॉमस माल्थस यांनी १७९८ मध्ये आपल्या लोकसंख्येवरील निबंधात मांडली. पुढे १८३८ मध्ये बेल्जियमचे गणिती पियेर वेऱ्हुल्स्ट यांनी तिला सूत्राचे रूप दिले. संख्या प्रथम हळू, मग झपाट्याने वाढते आणि शेवटी एका मर्यादेपाशी येऊन स्थिरावते. त्या मर्यादेला परिसरविज्ञानात ‘धारणक्षमता’ म्हणतात. म्हणजे त्या जागेतील अन्न, पाणी आणि निवारा यांवर किती जीव पोसले जाऊ शकतात, ती संख्या.

पिंपातल्या अळ्यांना हा नियम तंतोतंत लागू पडतो. पाण्यातील सूक्ष्मजीव आणि कुजलेला पालापाचोळा हे त्यांचे अन्न. गर्दी वाढली की ते पुरत नाही. अळ्यांची वाढ रेंगाळते, अनेक मरतात, उरलेल्या खुरट्या राहतात. याच कारणाने अर्धवट उपाय फसतात. दाटीवाटीच्या भांड्यातील निम्म्या अळ्या काढून टाकल्या, तर उरलेल्या निम्म्यांना भरपूर खायला मिळते, त्यांतील अधिक जगतात आणि बाहेर पडणाऱ्या डासांची संख्या फारशी घटत नाही. धूरफवारणीचेही तसेच आहे. साथ भडकलेली असताना उडत्या, विषाणू बाळगणाऱ्या डासांना मारण्यासाठी तिचा उपयोग होतो. परंतु अंडी, अळ्या आणि कोष यांना ती पोहोचत नाही. धूर विरतो आणि आठवडाभरात नवी पिढी पंख पसरते.

मग टिकाऊ उपाय कोणता? धारणक्षमताच काढून घेणे. जे भांडे रिकामे, पालथे किंवा घट्ट झाकलेले आहे त्याची धारणक्षमता शून्य. तेथे मादीने कितीही अंडी घालण्याचा मनोदय केला, तरी उपयोग नाही.

ऊन, पाऊस आणि विषाणू

हवामान या हिशेबात दोन ठिकाणी हात घालते. पहिले ठिकाण म्हणजे पाणी. फार मुसळधार पावसात साचलेले पाणी ओसंडून अंडी-अळ्या वाहून जातात. अधूनमधून सर आणि अधूनमधून ऊन, असा श्रावणातला खेळ मात्र डासांना मानवतो. भांडी भरलेली राहतात आणि पाणी कोमट असते. पाऊस कमी पडणाऱ्या भागातही संकट टळत नाही. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते, तेव्हा घरोघरी पिंपे, हंडे, टाक्या भरून ठेवाव्या लागतात. आकाशातून न पडलेले पाणी घरात साठते. महाबळेश्वरच्या धारेपेक्षा माणदेशातील रांजण या डासाला अधिक सोयीचा वाटला, तर नवल नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे तापमान. बाधित माणसाचे रक्त प्यायल्यावर लगेच डास रोग पसरवू शकत नाही. विषाणू त्याच्या पोटातून लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला २५ ते २८ अंश सेल्सियस तापमानात साधारण आठ ते बारा दिवस लागतात. डासाचे आयुष्य दोन ते चार आठवड्यांचे. त्यामुळे पुष्कळ डास विषाणू ‘पिकण्या’आधीच मरून जातात. तापमान थोडे वाढले की हा काळ आखडतो आणि रोगवाहक होईपर्यंत जगणाऱ्या डासांचे प्रमाण वाढते. पिढीचा कालावधीही आखडतो. तीन आठवड्यांची पिढी अडीच आठवड्यांवर आली, तर पंधरा आठवड्यांत पाचऐवजी सहा पिढ्या होतात आणि आपल्या मघाच्या हिशेबातील ३२ पट वाढ ६४ पट होते. अर्थात उष्णता वाढतच गेली तर डासालाही ती सोसत नाही. या डासाकडून होणाऱ्या प्रसारास सुमारे २९ अंशांच्या आसपासचे तापमान सर्वांत पोषक असते, पस्तिशीच्या वर तो मंदावतो. विदर्भातील मे महिन्याच्या काहिलीत डास कमी दिसतात ते याचमुळे. परंतु त्यांची अंडी भांड्यांच्या भिंतींना चिकटून पावसाची वाट पाहत असतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुणे शहराच्या नोंदींवरून केलेला अभ्यास २०२५ च्या प्रारंभी प्रसिद्ध झाला. पावसाळ्यात २७ अंशांहून अधिक सरासरी तापमान, मध्यम व सारखा विखुरलेला पाऊस आणि ६० ते ७८ टक्के आर्द्रता हा मेळ डेंग्यूला पोषक ठरतो, असे त्यांना आढळले. उलट आठवड्याला १५० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर अंडी-अळ्या धुऊन जाऊन प्रादुर्भाव घटतो. हवामान तापत चालले आहे, त्या काळात ही माहिती प्रत्येक कुटुंबाच्या कामाची आहे.

माणसांची संख्या

आता आपल्या स्वतःच्या संख्येविषयी. जगाची लोकसंख्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे १०० कोटी होती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजानुसार ती १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ८०० कोटी झाली. भारतात १९५१ मध्ये आपण ३६ कोटी होतो, २०११ मध्ये १२१ कोटी. त्याआधीच्या काळात साथी आणि दुष्काळ ही संख्या दाबून ठेवीत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने तर एवढे बळी घेतले की, १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. त्यानंतर लसी, शुद्ध पाणी, औषधे आली, मृत्यू कमी झाले आणि संख्या झपाट्याने वाढली. डासांच्या हिशेबात पाहिले तेच येथेही घडले: जन्मांपेक्षा मृत्यूंमधील बदलाने संख्या हलली.

परंतु येथे साम्य संपते. डासाला किती अंडी घालावीत याचा विचार करता येत नाही, माणसाला येतो. १९९२-९३ मध्ये भारतातील स्त्रीला सरासरी ३.४ अपत्ये होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हे प्रमाण २.० वर आले, महाराष्ट्रात १.७ वर. संख्या स्थिर राहण्यासाठी लागणाऱ्या २.१ च्याही ते खाली आहे. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडणाऱ्या आणि पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवणाऱ्या र. धों. कर्वे यांना ज्या विचारासाठी समाजाचा रोष पत्करावा लागला, तो विचार आज घराघरांतील दांपत्यांनी आपलासा केला आहे. शिक्षण आणि बालमृत्यूंतील घट यांनी जे साधले, ते माल्थस यांच्या सूत्रात नव्हते.

तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. तरुणांची संख्या मोठी असल्याने जन्मदर उतरल्यानंतरही लोकसंख्या काही दशके वाढतच राहते. आणि ही माणसे शहरांत एकवटत आहेत; २०११ मध्येच महाराष्ट्रातील सुमारे ४५ टक्के लोक शहरांत राहत होते. दाट वस्तीत प्रत्येक नव्या घरासोबत एक टाकी येते, चार कुंड्या येतात, गच्चीवर अडगळ येते. जो डास दोनशे मीटरही उडत नाही, त्याला एवढ्याशा टापूत शेकडो माणसे आणि शेकडो भांडी मिळतात. आपली संख्या आणि आपली राहणी अशा रीतीने त्याची धारणक्षमता वाढवीत असते.

आठवड्याचा एक कोरडा दिवस

आता कृतीकडे येऊ. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा पाणी मोडले की पिढी पुरी होत नाही. आरोग्य खात्याच्या ‘कोरड्या दिवसा’मागे हेच गणित आहे. घरातील सर्वांना सोयीचा वार ठरवावा आणि मुलांनाही त्यात सामील करून घ्यावे.

• पिंपे, हंडे, माठ रिकामे करून आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने खसखसून घासावी. नुसते पाणी ओतून दिल्याने चिकटलेली अंडी जात नाहीत. चिंच-राख लावून तांब्या-पितळेची भांडी घासण्याच्या जुन्या रीतीत ही अंडीही निघून जात.
• फ्रिजमागचा ट्रे, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, फुलदाण्या, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी आणि मनी प्लॅंटची बाटली विसरू नये.
• गच्चीवरील जुने टायर, नारळाच्या करवंट्या, फुटके डबे आणि प्लास्टिकच्या कापडातील खोलगट घड्या पावसाआधीच काढाव्यात.
• रिकामी करता न येणारी टाकी घट्ट झाकावी. झाकणाला फट असेल तर कापड बांधावे. हौद किंवा शोभेचे तळे असल्यास गप्पी मासे सोडता येतात.
• पावसाळा संपताना भांडी माळ्यावर टाकण्याआधी घासून ठेवावीत. नाही तर यंदाची अंडी पुढच्या मृगात फुटतील.

हे काम एकट्या घराचे नाही. आपली सारी भांडी कोरडी आणि शेजारच्या गच्चीवर टायर भरलेला, तर हिशेब पुन्हा बिघडतो. सोसायटीच्या किंवा गल्लीतील घरांनी एकच वार ठरवणे सर्वांत उत्तम.

घरात ताप आला तर

ताप, डोळ्यांमागे दुखणे, अंग मोडून येणे, अंगावर पुरळ अशी लक्षणे दिसली की डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करावी. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात द्यावे. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नये, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पाणी, ताक, पेज, सरबत असे द्रव पदार्थ पुरेसे द्यावेत. डेंग्यूत खरी काळजी घ्यावी लागते ती बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान, ताप उतरत असताना. ताप गेला म्हणून निर्धास्त होऊ नये. पोटात तीव्र वेदना, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शौच, श्वासाला धाप, विलक्षण ग्लानी किंवा अस्वस्थता यांतील एक जरी खूण दिसली, तरी रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत; एकदा होऊन गेलेल्याला दुसऱ्या प्रकाराने गाठले, तर आजार गंभीर होण्याचा संभव वाढतो.

आणखी एक गोष्ट, जी अनेक घरांत राहून जाते. तापाच्या साधारण पहिल्या पाच दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. त्याला चावलेला डास आठ-दहा दिवसांनी घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तो पोहोचवतो. म्हणून या दिवसांत रुग्णाने दिवसाही मच्छरदाणीत झोपावे. ही मच्छरदाणी रुग्णासाठी जितकी, तितकीच त्याच्या लेकराबाळांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी असते.

वाचकहो, पावसाचे वेळापत्रक आपल्या हाती नाही, प्रशांत महासागराचे तापमान तर नाहीच. परंतु शंभर अंड्यांतील दोन जगावीत, चार जगावीत की एकही जगू नये, हे पुष्कळसे आपल्या घराच्या पिंपावर अवलंबून आहे. येत्या रविवारी ते एकदा पालथे करून पाहा.